आतून कोरडी

सकाळी दाढी करत होतो तेव्हा मागच्या गॅलरीतून खळखळ आवाज आला आणि माझा हात गालावरच थांबला. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज, पण मोकळा नव्हे, कशाच्या तरी पोटात कोंडलेला. थांबला, पुन्हा सुरू झाला. या घरातले सगळे आवाज मला पाठ आहेत. नळ कसा कुरकुरतो, स्वयंपाकघराची खिडकी वाऱ्याने कशी आपटते, बायको रागावली की भांडी कशी ठेवते, सगळं. हा त्यांतला नव्हता. तोंडाला साबण तसाच ठेवून मी गॅलरीत गेलो. तिथे दादा बसला होता, माझा मोठा भाऊ. जुन्या ब्लँकेटात गुंडाळलेलं काहीतरी मांडीवर घेऊन, रडणारं पोर जोजवावं तसं, पण जरा जास्तच जोरात हलवत होता. "टाकी आहे," तो म्हणाला. "बाबांच्या मोटारसायकलची. आतला गंज काढतोय." मी काही विचारलं नव्हतं. न विचारता माणूस उत्तर देतो, तेव्हा तो ते आधी घोकून बसलेला असतो.

दादा आदल्या आठवड्यात आला होता. कळवलं नाही, कळवायची त्याला सवय नाही. दार उघडलं तर हातात एक बॅग, दाढी पांढरी, आणि "चार दिवस राहतो रे बारक्या." दादाचे चार दिवस हा आमच्या घरातला जुना विनोद आहे, फक्त त्यावर कुणी हसत नाही. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हाही तो असाच, चार दिवसांत येतो म्हणून कुठल्याशा कारखान्यात बॉयलरवरच्या कामाला गेला, आणि आला तो सगळं आटोपल्यावर. रिकाम्या पलंगाकडे बघत दारात उभा राहिला. त्या महिन्यांत बाबांना उचलून बसवणं, कूस बदलणं, रात्री पाणी देणं, हे सगळं मी केलं. तेव्हा मी विशीतही नव्हतो. बाबा मात्र पाऊल वाजलं की विचारायचे, "थोरला आला का?" माझंच पाऊल असायचं ते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय? पण दादा दारात दिसला की मला आधी तो प्रश्न ऐकू येतो, मग दादाचा आवाज. आणि मनात येतं, हा आता काय न्यायला आलाय? दादा काही हवं असल्याशिवाय उंबरा चढत नाही, असं आई म्हणायची. आई त्याच्यावर माझ्याहून जास्त जीव टाकायची, तरी म्हणायची.

तर, टाकी. गाडी कित्येक वर्षं जिन्याखाली ताडपत्रीत पडून होती. ती आता कुणाच्या आठवणीतही नसेल असं मी धरून चाललो होतो. दादाने आल्या आल्या तिच्यावरची धूळ पुसली, हे मी वरून पाहिलं होतं. मग एका दुपारी टाकी काढली. आता तिच्यात मूठभर नट आणि सायकलच्या चेनचा तुकडा टाकून घुसळत होता. "अर्धी भरलेली ठेवली होतीस," तो म्हणाला. "टाकी एक तर काठोकाठ भरून ठेवावी, नाहीतर पार रिकामी. अर्धी राहिली की वरचा भाग गंजतो." गाडी शेवटची मीच चालवली होती, म्हणजे हा टोमणा मला होता. मी म्हटलं, "आम्हाला कुठे वेळ असतो." आम्हाला म्हणजे कुणाला, हे त्याने विचारलं नाही. टाकी उलटी करून त्याने नट बाहेर काढले, त्यांच्याबरोबर तांबडी भुकटी पडली, ती बोटावर घेऊन तो बघत राहिला. माझ्या मनात आलं, दुसऱ्याच्या घरात येऊन तिथला गंज काढायला बसणाऱ्या माणसाचा हेतू काय असेल? काही न मागता माणूस आधी उपकार करून ठेवतो, तो कशासाठी? गाडी हवी असेल तर सरळ माग ना. पण गाडीच हवी असेल कशावरून? आज जिन्याखालची गाडी, उद्या जिना, परवा जिन्यावरचं घर. भटाला दिली ओसरी, म्हणतात ना.

मी बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला आहे. पांढऱ्या उजेडाच्या काचेसमोर बसायचं, समोरून बाटल्या सरकत जातात, आणि त्यांतली तडकलेली, बुडबुडा असलेली, तोंड वाकडं असलेली बाजूला काढायची. एवढंच काम. ऐकायला सोपं, पण नवीन माणसं चार-सहा दिवसांत पळतात, कारण रात्री डोळे मिटले तरी बाटल्या सरकत राहतात. मला तसं होत नाही. किंवा होतं आणि मला त्याचं काही वाटत नाही. आमचा फोरमन म्हणतो, तुझ्या डोळ्यांतून देव सुटणार नाही. हे कौतुक आहे असं मी समजतो. बायको म्हणते, "तुम्ही घरी आलात तरी ती काच बरोबर घेऊन येता." भाजीवाला वजन करताना मी काट्याकडे बघतो, दूधवाला बोलतो तेव्हा त्याच्या हाताकडे, आणि डॉक्टर धीर देतो तेव्हा त्याच्या कपाळाकडे. यात चूक काय? बघितल्याशिवाय ठेवलेली वस्तू आणि बघितल्याशिवाय ठेवलेला माणूस, दोन्ही कधीतरी हातात फुटतात.

दादा आल्या दिवसापासून मी कपाटाला कुलूप लावतो. पूर्वी किल्ली कपाटालाच लटकलेली असायची. आता ती माझ्या खिशात असते, आणि बायकोला साडी काढायची असली तरी माझ्याकडे यावं लागतं. ती पहिल्यांदा आली तेव्हा हसली. दुसऱ्यांदा हसली नाही. "अहो, भाऊजींना कळत नसेल का हे?" तिने विचारलं. मी म्हटलं, "काय कळायचंय त्यात? कुलूप काय, असतंच." ती म्हणाली, "त्यांना विचारा ना सरळ, किती दिवस आहात, पुढे काय ठरवलंय." सरळ विचारा म्हणे. सरळ विचारलं की माणूस सरळ खोटं बोलतो. त्यापेक्षा बघत राहावं. आणि मी बघत होतो. तो सकाळी फोनवर हळू आवाजात बोलतो, मी गेलो की "बरं, ठेवतो" म्हणतो. बॅग पलंगाखाली, चेन नेहमी बंद. टाकीत बुधवारी कसलंसं ॲसिड भरून ठेवलं होतं, तिच्या भोकांना रबरी बुचं मारून. रात्री ती पलंगाशेजारी घेऊन झोपला. टाकी! मी उठून पाणी प्यायला गेलो तेव्हा अंधारात तिची पाठ चमकत होती आणि दादाचा हात तिच्यावर होता.

त्या पाठीवर मी बसायचो. बाबा गाडी चालवायचे, दादा त्यांच्या मागे, आणि मी पुढे टाकीवर, दोन्ही हातांनी मधलं झाकण घट्ट धरून. खाली इंजिनाची धग मांड्यांना लागायची, पेट्रोलचा वास नाकात, आणि बाबांची हनुवटी मध्येच माझ्या डोक्याला टेकायची. वळणावर ते म्हणायचे, "धर रे घट्ट." दादाला ही जागा कधी मिळाल्याचं मला आठवत नाही. मी झालो तेव्हा तो मोठा झाला होता, त्याने मागेच बसायचं होतं. एकदा रस्त्यात गाडी थांबली असताना त्याने मला विचारलं होतं, "पुढून कसं दिसतं रे?" मी काय सांगितलं ते आठवत नाही. बहुतेक काहीच सांगितलं नसेल. लहान पोराला जे मिळतं ते सगळ्यांनाच मिळत असेल असं वाटतं.

गुरुवारी माझी पाळी सकाळची होती, म्हणून दुपारी घरी होतो. दादाने ॲसिड काढलं, सोड्याच्या पाण्याने टाकी विसळली, मग साधं पाणी, मग स्पिरिट घालून ती चारी बाजूंनी फिरवली, कारण स्पिरिट उरलंसुरलं पाणी ओढून नेतं. शेवटी बायकोचं केस वाळवायचं मशीन मागून घेऊन टाकीच्या तोंडातून गरम हवा सोडत बसला. किती वेळ बसावं? मला तर वाटलं आज हा तिथेच राहतो. मग उठला. "ठणठणीत कोरडी झाली. आता परत गंजू नये म्हणून आतून लेप द्यायचा. तेवढ्यात पेट्रोलच्या कॉकची वायसर घेऊन येतो," म्हणाला आणि चपला घालून गेला. बायको गच्चीवर कपडे काढायला गेली होती. मी गॅलरीत गेलो. टाकीवर स्वच्छ फडकं झाकलेलं होतं. मी ती उचलली, सहज, आणि आतून टिक असा आवाज आला. पुन्हा हलवली. टिक. काहीतरी होतं आत. घुसळायला टाकलेले नट मी डब्यात बघितले, पण किती टाकले होते ते मला कुठे माहीत? नट असेल. नसेलही. रात्री ती शेजारी घेऊन झोपणं, दिवसभर तिला कुणाला हात लावू न देणं, हे सगळं माझ्या डोक्यात ओळीने उभं राहिलं. आई गेल्यावर तिची अंगठी आम्हाला कधी सापडली नव्हती. अंगठीचा या टाकीशी काय संबंध, हे आता लिहिताना मला कळत नाही. तेव्हा कळत होतं. मी टाकी उलटी केली, थोपटली, बोट घातलं. ती वस्तू तोंडाशी यायची आणि परत आत सरकायची. शेवटी मी बादलीतलं पाणी तांब्याने आत ओतलं, गरागरा फिरवलं आणि भसकन उपडं केलं. पाण्याबरोबर फरशीवर गंजाची एक खपली पडली, नखाएवढी.

बस्स, एवढंच. मी ती खपली उलटसुलट करून बघितली, जणू तिच्या मागे काही लिहिलेलं असणार होतं. मग मला भीती वाटली. घाईने मशीन लावलं, गरम हवा आत सोडली, तोंडाजवळचा पत्रा वाळला. पण टाकीला खालून खाच असते, गाडीच्या दांड्यावर बसायला, आणि तिच्या दोन्ही अंगांना आत खोल कोपरे असतात, तिथे हवा पोचत नाही. माझ्यासारख्या माणसाला हे दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. जिन्यावर चपला वाजल्या. मी मशीन बंद केलं, फडकं होतं तसं झाकलं आणि फरशी पायाने पुसली.

दादाने लेपाचे दोन डबे कालवले. मधासारखं दाट, करड्या रंगाचं. मग टॉर्च घेऊन टाकीच्या तोंडाशी वाकला, डोळे बारीक केले आणि हसला. "चष्मा आत राहिला. तू बघ रे बारक्या. तुझ्यासारखे डोळे कुणाचे नाहीत. कोरडी आहे ना?" त्याने टॉर्च माझ्या हातात दिला. मी वाकलो. आत मघाशी रुपेरी असलेला पत्रा खाचेच्या कडेला तांबूस पडायला लागला होता, आणि त्याच्या पलीकडे उजेड गेला की काहीतरी लकाकत होतं. मी बघितलं. नीट बघितलं. इतक्या वर्षांत अशी बाटली मी कधी पुढे जाऊ दिली नव्हती. "आहे," मी म्हटलं. "कोरडी आहे." त्याने परत बघितलं नाही. मी सांगितलं तेवढं त्याला पुरलं. दुसरं कुणी असतं तर मी म्हटलं असतं, किती भोळा माणूस.

लेप ओतल्यावर टाकी हळूहळू सगळ्या बाजूंनी फिरवावी लागते, म्हणजे आत सगळीकडे सारखा बसतो. "धर," दादा म्हणाला. आम्ही समोरासमोर बसलो, मध्ये टाकी, चार हात. डावीकडे कलती करायची, थांबायचं, आतला जड रस सावकाश सरकलेला हाताला जाणवतो, मग उजवीकडे. दादाची बोटं माझ्यासारखीच आहेत, बुटकी, अंगठ्याचं नख रुंद. हे मी कधी बघितलंच नव्हतं. तो बोलत होता, "यात एक थेंब पाणी राहिलं ना, की संपलं. लेप वरून धरल्यासारखा दिसतो, पण मागून पेट्रोल शिरतं आणि साल सुटते. ती साल कॉकच्या तोंडाशी अडकली की गाडी भर रस्त्यात बंद. एक जण असाच गेला, आमच्या कारखान्यातला. मागून ट्रक होता." माझ्या हातातली टाकी जड झाली. सांगावं, आत्ता सांगावं, असं जिभेवर आलं. पण पाणी ओतलं सांगायचं म्हणजे का ओतलं ते सांगायचं, आणि का ओतलं ते सांगायचं म्हणजे मी तुला काय समजतो ते सांगायचं. मी विचारलं, "किती दिवस आहेस तू?" तो टाकीकडे बघत म्हणाला, "हे वाळेपर्यंत." मला वाटलं, टाळतोय.

टाळत नव्हता. लेप वाळायला तीन-चार दिवस लागले. त्या दिवसांत मी कारखान्यात चांगल्या बाटल्या बाजूला काढल्या आणि फोरमनने दोनदा येऊन माझ्याकडे बघितलं. रविवारी दादाने पेट्रोल भरलं, गाडी सुरू केली, गल्लीत दोन चकरा मारल्या. काही झालं नाही. मी खिडकीत उभा होतो, काही तरी व्हावं म्हणून की होऊ नये म्हणून, मला सांगता येणार नाही. संध्याकाळी बायको भांडी विसळता विसळता म्हणाली, "भाऊजी उद्या सकाळी जातायत. घाटापलीकडच्या कारखान्यात बॉयलरवर काम मिळालंय, खोली कारखान्यापासून लांब आहे म्हणे. फोन त्याच माणसांचे यायचे." मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत?" ती म्हणाली, "पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं त्यांना, मागा की गाडी, हे काय नाही म्हणणार आहेत? तर म्हणाले, आधी दुरुस्त करतो, मग विचारतो. नाही म्हणाला तरी त्याच्या जिन्याखाली चालू गाडी राहील." ती पुढे म्हणाली, "माझं केस वाळवायचं मशीन ओलं होतं गुरुवारी." तिने नळ बंद केला, हात पुसले आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. घाट. वळणं, उतार, मागे ट्रक. मी रात्रभर मनाला समजावत होतो की सगळेच थेंब वाईट नसतात, काही उडून जातात.

सकाळी तो खाली गाडीजवळ उभा होता. गल्लीत नुकतं कुठे उजाडलं होतं, समोरचा पेपरवाला गठ्ठे सोडत होता. दादाने मला विचारलं, "गाडी घेऊन जाऊ ना? नको असेल तर सांग, बसने जातो." मी म्हटलं, "घेऊन जा." हे इतकं पटकन म्हटलं की त्याने माझ्याकडे बघितलं. मग त्याने बॅग सीटवर ठेवली, आणि बांधायच्या आधी तिची चेन सर्रकन उघडली. दोन्ही बाजू फाकवून धरल्या. "बघून घे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "तुला चैन पडणार नाही मागाहून. बघ, आणि मग जातो." मला म्हणायचं होतं, हे काय दादा, वेडा आहेस का. पण माझे डोळे तोवर बॅगेत गेले होते. दोन शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान, औषधाची पट्टी. मी बघितलं. स्वतःला बघताना बघितलं आणि तरी थांबलो नाही, टॉवेलच्या घडीखाली काय आहे तिथपर्यंत गेलो. तिथे काही नव्हतं. मला माझीच शिसारी आली.

"जाऊ नकोस," मी म्हटलं. दादाने चेन लावायला घेतलेला हात थांबवला. "काय?" "जाऊ नकोस दादा." त्याचा चेहरा हळूहळू सैल पडला, पांढऱ्या दाढीतून एकदम कुणीतरी जुनं दिसायला लागलं, गाडीवर मागे बसणारं. "का रे?" त्याने विचारलं. इतक्या हळू की त्याला उत्तर हवं होतं की नाही, कळलं नाही. दोन उत्तरं होती. एक मला माहीत होतं आणि दुसरं मी कधी हातात घेऊन बघितलं नव्हतं, ते चांगलं आहे की तडकलेलं आहे, मला सांगता आलं नसतं. मी माहीत असलेलं दिलं. "टाकीत पाणी राहिलंय. मी ओतलं होतं, तू वायसर आणायला गेला होतास तेव्हा. आत काहीतरी वाजत होतं. आणि तू विचारलंस तेव्हा मला दिसत होतं. मी खोटं सांगितलं. साल सुटेल, घाटात बंद पडशील." त्याने टाकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय होतं आत?" "खपली." "आणि तुला काय वाटलं?" माझा हात खिशातल्या कपाटाच्या किल्लीवर गेला. त्याने मान हलवली, जणू मी बोललो होतो. पेपरवाल्याची सायकल गेली. दादाचा चेहरा पुन्हा मिटत चालला होता, मला समोर दिसत होतं. "म्हणजे टाकीसाठी थांबवलंस," तो म्हणाला. "एवढंच ना?"

मला हो म्हणता येईना आणि नाही म्हणता येईना. नाही म्हटलं असतं तर त्याने विश्वास ठेवला असता, तो ठेवतो, हीच तर अडचण होती, आणि आता त्याला पुन्हा न बघितलेलं काही देणं मला शक्य नव्हतं. मला बाबांचा प्रश्न आठवला, थोरला आला का, आणि पहिल्यांदाच असं वाटलं की त्या प्रश्नाच्या उत्तराकडे मीसुद्धा तितकाच कान लावून पडलो होतो, शेजारच्या खोलीत, सगळे ते महिने. हे मला बोलता आलं नाही. मी सीटवरची बॅग उचलली. चेन उघडीच होती, ती आत न बघता लावली. बॅग खांद्याला अडकवून मी जिन्याकडे वळलो आणि चढायला लागलो. खाली काहीच आवाज नव्हता, ना गाडीचा, ना चपलांचा. वर दारात बायको उभी होती आणि ती माझ्या मागे, खाली, कशाकडे तरी बघत होती. दादा मागून येतोय की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं असतं, म्हणून मी तिच्याकडेही बघितलं नाही. मान खाली घातली आणि एकेक पायरी चढत राहिलो. जिन्याच्या वळणावर एकदा वळून बघावंसं फार वाटलं. मी बघितलं नाही.